कोल्हापूरच्या रिक्षावाल्या मामांस अनावृत पत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे मुद्दाम लिहीत नाही. ‘असल्या गोष्टीचा कशाला गवगवा, ताई?’ असं म्हणाल, याची खात्री आहे. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं होतंच, कारण आपली भेट झाली त्याच्या आदल्या दिवशी जे झालं तेही चारचौघांतच झालं होतं.

आम्ही एका सहल कंपनीबरोबर आलो होतो. काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली आहे, हे पैसे भरतानाच सांगितलं होतं. तेव्हा ‘काही काळजी करू नका’ म्हणणारी माणसं प्रत्यक्षात कशी वागली? मंदिरापाशी बस थांबली आणि त्यांचा गाइड मला म्हणाला, ‘यांना गाडीतच बसू द्या ना मॅडम, खाली उतरून यांना काय दिसणार?’ बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे डोळे गेलेत, कान नाही. नंतर त्याने बाबांचं मनगट धरून गर्दीतून ओढत नेलं, तेही दहा मिनिटांत परत या अशा बोलीवर. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, ‘तू जा बघून ये, मी लॉजवर पडतो.’

कसंबसं खाली आणलं, तर तुमची रिक्षा समोरच. मी घाईघाईने सगळं सांगायला लागले, की बाबांना दिसत नाही, जास्त चालवत नाही, दोन-तीन ठिकाणं दाखवा. तुम्ही माझं ऐकून घेतलंत आणि मान बाबांकडे वळवलीत. ‘आबा, तुमास्नी कुठं जायचंय?’

मामा, तुमच्या लेखी एवढंसंच असेल ते. पण दृष्टी गेल्यापासून बाबांना कुणी थेट काही विचारतच नाही. दुकानदार मला विचारतो, यांना कुठला रंग हवा. डॉक्टर मला विचारतात, यांना झोप लागते का. नातेवाईकसुद्धा माझ्याकडे बघून ‘यांना चहा चालेल ना?’ म्हणतात. जन्मभर वर्गात गणित शिकवलेला माणूस स्वतःच्या चहाबद्दल तिऱ्हाइतासारखा ऐकत बसतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नावर बाबांना उत्तर सुचेना. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही मला हातानेच थांबवलंत आणि रिक्षा बंद केलीत. मागे हॉर्न वाजत होते. वाजू दिलेत. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, ‘पाण्याजवळ.’

म्हणून आपण आधी रंकाळ्यावर गेलो. तुम्ही बाबांचा हात धरला नाहीत, आपलं कोपर पुढे केलंत आणि म्हणालात, ‘तुमी धरा.’ हे तुम्हाला कुणी शिकवलं? प्रशिक्षण घेतलेल्या लोकांनाही ते सुचत नाही. काठावर उभं करून तुम्ही बाबांना तलाव सांगितलात. पल्याडच्या काठाला शालिनी पॅलेस, काळ्या दगडाचा, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला. पाण्यात संध्यामठ, पाणी उतरलं की उघडा पडणारा. इथे पूर्वी दगडाची खाण होती, भूकंप झाला आणि पाणी भरलं म्हणतात, ही कथाही. बाबा काठीने कठड्याचा दगड वाजवून बघत होते.

मग नंदी. तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा रंकाळ्याकडे पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो; ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी जगबुडी, असं तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलंत. बाबांचा हात नंदीच्या वशिंडावर होता. तो तसाच ठेवून त्यांनी विचारलं, ‘तांदूळ कुठला? आंबेमोहर की बासमती?’ तुम्ही म्हणालात, ‘का ओ?’ ‘बासमती असेल तर हा गडी मागेमागेच जाणार. जगाला काही धोका नाही.’ तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात, आणि बाबाही हसले. घरी परतल्यावर त्यांनी हे गणित शेजारच्या पोरांना घातलंय. उत्तर अजून कुणाचं आलेलं नाही.

टाऊन हॉलच्या बागेतही आपण बसलो. आतल्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे, पण काचेआडच्या वस्तूचा बाबांना काय उपयोग? तुम्हीच म्हणालात, झाडाखाली बसू या. तिथे वटवाघळांचा कलकलाट ऐकत बाबांनी शेंगा खाल्ल्या.

अंबाबाईला शेवटी गेलो. दर्शनाची रांग होती, ती आम्ही धरली, आणि तुम्ही चपला सांभाळत बाहेर थांबलात. बाहेर आल्यावर भिंतीवरच्या कोरीव मूर्तींबद्दल तुम्ही बाबांशी इतक्या बारकाव्याने बोललात, की चार यात्रेकरू आपल्यामागे येऊन ऐकत उभे राहिले. गाइडचा बिल्ला नव्हता हो तुमच्याकडे!

बिल्ल्यावरून आठवलं. त्या कंपनीला मी तक्रार पाठवली. उत्तरात पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली आहे. ठेवा म्हणावं तुमच्याकडेच. पैसे घेऊन माणसाला सामानासारखं हाताळायचं, आणि वर सवलत! साधी माणुसकी खरं तर फुकट मिळायला हवी, पण ज्यांच्याकडे ती असते ते मीटरवर धंदा करतात आणि तिचे वेगळे पैसे लावत नाहीत.

आता एक काम आहे. बाबांना किरणोत्सवाला यायचंय, ९, १० आणि ११ नोव्हेंबरला. मावळतीचे किरण पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, हे तुम्हीच त्यांच्या डोक्यात भरवून दिलंत. ‘तुम्हाला दिसणार नाही ना ते,’ असं माझा भाऊ बोलून गेला. त्यावर बाबा म्हणाले, ‘मामा सांगतील.’ तेव्हा ते तीन दिवस दुसरं भाडं घेऊ नका. आणि त्या दिवशी थांबण्याचे पैसे घ्यायचे नाकारलेत, ते या वेळी चालणार नाही. बाबांनी हिशेब करून ठेवलाय, आणि त्यांच्याशी हिशेबात वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

आपली,
आबांची लेक