देव बरें करूं, अंकल

अंकल, हे आभाराचं पत्र मराठीत लिहितोय आणि तुम्हाला देवनागरी वाचायचा कंटाळा, तेव्हा नातीला सांगा वाचून दाखवायला, ती शाळेत देवनागरीतच कोंकणी शिकते ना. फक्त तिला सांगा मधेच हसायचं नाही, कारण सुरुवातीचा सगळा भाग माझ्या मूर्खपणाचा आहे.

गेल्या पावसात आमच्या म्हार्दोळच्या घराची दोन कौलं सरकली आणि पाणी नेमकं बाबांच्या रेकॉर्डींच्या कपाटावर गळायला लागलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, कपाट कोणी उघडलंच नव्हतं. उघडलं तर साठ-पासष्ट रेकॉर्डी, जॅकेटांवर पांढरी बुरशी, काही जॅकेटं कसर लागून जाळी झालेली, आणि खालच्या खणात तो लाकडी पेटीतला गॅरार्ड कंपनीचा चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्डी लावणारा रेकॉर्ड प्लेअर. तो आधी मी एका दुकानात दिला (नाव घेत नाही, जाऊदे), तीन महिने 'पार्ट येतोय, पार्ट येतोय' ऐकलं आणि शेवटी वैतागून परत आणला तेव्हा जी सुई होती तीही गायब.

तोवर घरी माझं साफसफाईचं काम जोरात चालू होतं. बुरशी मारायची तर काय वापरायचं, कोविडच्या वेळची सॅनिटायझरची अर्धी बाटली पडलेली, घेतला कापूस आणि लागलो पुसायला. पहिलीच हातात आली ती ज्योत्स्नाबाई भोळ्यांची 'बोला अमृत बोला', ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी जाड तबकडी. कापूस काळा झाला, मला वाटलं केवढी घाण निघतेय, म्हणून अजून जोरात घासली. कडेपासून आत इंचभर घासून झाली आणि आईने हाक मारली म्हणून थांबलो. आईने चहाला बोलावलं नसतं तर पूर्ण गेली असती.

मग ती आणि चेंजर घेऊन तुमच्या मडगावच्या रिपेरिंगच्या दुकानात आलो, तेव्हा तुम्ही ती नाकाशी धरून वास घेतलात. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. "मरे, हें कितें केलें तुवें?" आणि मग मला समोरच्या स्टुलावर बसवून सांगितलंत की ही प्लेट लाखेची असते, सुतार ती लाख स्पिरीटमध्ये विरघळवूनच फर्निचरला पॉलिश मारतो, आणि सॅनिटायझर म्हणजे दुसरं काय, स्पिरीटच. म्हणजे कापसावर आलेली ती घाण नव्हती, ती रेकॉर्डच होती! मी 'कुलवधू' नाटकातलं १९४२ चं गाणं कापसाने पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो आणि वर स्वतःवर खूश होतो. आणि बाई कुठल्या तर बांदिवड्याच्या, आमच्याच तालुक्यातल्या.

मला वाटलेलं तुम्ही हाकलून द्याल. तुम्ही चेंजर उघडलात. आतलं रबराचं चाक दगडासारखं कडक झालेलं, त्याची कड बारीक पॉलिश पेपरने घासलीत, मोटरला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, आणि कुठल्यातरी बिस्किटाच्या डब्यातून कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा तुकडा, काढून बसवलंत, ते दोन सुयांचं, एका बाजूला एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ स्पीडच्या मोठ्या रेकॉर्डींची, आणि उलटवलं की ७८ ची. मी आजवर समजत होतो सुई म्हणजे सुई. ७८ ची खाच केवढी रुंद असते आणि त्यात एलपीची बारीक सुई घातली तर ती तळाला घासत खरखरत जाते, हे मला कोण सांगणार होतं, यूट्यूबवर असेलही म्हणा पण यूट्यूबवाला टपली मारत नाही.

मग ज्योत्स्नाबाई लावल्या. पहिला मिनिटभर नुसता भजी तळल्यासारखा आवाज. मी मान खाली घालून बसलेलो. आणि मग तळण बाजूला सारून बाई अचानक आल्या, स्वच्छ, जशा काही शेजारच्या खोलीतून बाहेर आल्या. तीन मिनिटांच्या गाण्यातली दोन वाचली. तुम्ही म्हणालात फेकू नको. नाही फेकली.

एलपीचं तुम्ही वेगळं शिकवलंत, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. दोन संध्याकाळी तुमच्या मडगावच्या त्या गल्लीतल्या दुकानात आपण एकेक रेकॉर्ड धुवून भांडी सुकवायच्या स्टँडवर लावत होतो. आणि त्याच दोन संध्याकाळींसाठी खरं तर हे पत्र आहे, रिपेरिंगचे पैसे तर मी दिलेत (सातशे रुपये आणि तेही सुई-कार्ट्रिजचे, मजुरी घेतलीच नाहीत).

तुमचा नियम होता, आदीं वाच, मागीर आयक. हातात रेकॉर्ड आली की आधी जॅकेटची मागची बाजू. 'कॉल ऑफ द व्हॅली' आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ही माहीत आहे, १९६७ ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा. तुम्ही म्हणालात आणि तबला? मी गप्प. माणिकराव पोपटकर. अख्खी रेकॉर्ड काश्मीरच्या एका धनगराचा एक दिवस आहे, सकाळच्या अहिर भैरवपासून शेवटच्या पहाडीपर्यंत, आणि त्या दिवसाला चालवत कोण नेतंय तर तो चौथा माणूस, ज्याचं नाव मला बत्तीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मग घरी आल्यावर मलाच खाज सुटली, ही रेकॉर्ड करवून घेतली कोणी ते शोधलं, तर एचएमव्ही रेकॉर्ड कंपनीचे जी. एन. जोशी! म्हणजे 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे आपले गोविंदराव जोशी. माझी आजी जे गाणं गुणगुणायची त्याचा गायक पुढे स्टुडिओत काचेपलीकडे बसून दुसऱ्यांच्या रेकॉर्डी घडवत होता. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही फक्त "बरें" म्हणालात, पण दुसऱ्या दिवशी ते बटर पेपरवर लिहिलेलं होतं.

हां, तो बटर पेपर. बाबांची आतली पाकिटं बुरशीने गेली होती म्हणून तुम्ही बटर पेपर कापून नवी केलीत आणि प्रत्येकावर पेन्सिलने, रोमी म्हणजे रोमन अक्षरांत, जॅकेटवर नसलेली नावं लिहीत गेलात. 'अमर अकबर अँथनी'वर लिहिलंत, अँथनी गोन्साल्वीस, माजोर्डा. चतुर्थीला आमच्या वाड्यावर त्या गाण्यावर आम्ही दरवर्षी घाम फुटेस्तोवर नाचतो आणि कोणालाच माहीत नाही की ते नाव प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूसाठी घातलंय आणि तो गुरू तुमच्या दुकानापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या गावचा. शंकर-जयकिशनच्या दोन रेकॉर्डींवर, त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा. जॅकेटवर नट्या, नट, गायक, गीतकार सगळे, पण वीस-तीस व्हायोलिनं एका दमात कशी वाजणार हे कागदावर लिहून काढणारा गोंयकार कुठेच नाही. चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकलेली ही पोरं मुंबईला गेली म्हणून तो सगळा ऑर्केस्ट्रा उभा राहिला, हे सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. तुम्ही स्वतः कुठे कुठे वाजवलंत ते मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळेला तुम्ही चहा सांगितलात.

बॉक्समध्ये कोंकणी पॉप गाणाऱ्या लोर्नाची रेकॉर्ड निघाली तो सीन मी कधी विसरणार नाही. बाबा म्हणजे आमचे कट्टर नाट्यसंगीतवाले, मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या बाहेर जग नाही, 'कट्यार काळजात घुसली' म्हणजे पोथी, आणि त्यांच्या कपाटात 'बेबदो'? तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. "तुजो बापूय मडगांवां नाचूंक येतालो!" आईला विचारलं तर ती स्वयंपाकघरात निघून गेली. पण ती रेकॉर्ड लावल्यावर तुम्ही हसायचे थांबलात आणि बोट वर केलंत, बाई काय गाते ते सगळ्यांनाच ऐकू येतं, तू ट्रम्पेट ऐक, ख्रिस पेरी. तेव्हापासून मला ते गाणं धड नाचताच येत नाही, सारखा कान मागे जातो.

बदल्यात मी तुम्हाला 'कट्यार'ची गोष्ट सांगितली, दोन घराण्यांचं भांडण आणि एकच 'घेई छंद मकरंद' दोन वेगवेगळ्या चालींत. तुम्हाला शब्द कळत नव्हते. वसंतराव देशपांडे संपल्यावर तुम्ही सुई उचलून परत सुरुवातीला ठेवलीत, एवढंच. मला ती दाद बाबांना मिळाल्यासारखी वाटली.

आणि शेवटचं, १६ चं. चेंजरच्या स्पीडच्या लिव्हरवर १६, ३३, ४५, ७८ असे आकडे आहेत. लहानपणी मी तो १६ वर ओढून लताबाईंना राक्षस करायचो आणि मार खायचो, पण तो आकडा असतो कशाला हे बाबांनाही सांगता यायचं नाही. तुम्ही म्हणालात, भाषणं, गोष्टी वगैरेंच्या प्लेटी यायच्या त्या स्पीडच्या, गाण्यांच्या जवळजवळ नाहीतच. मग थोडं थांबून, एक मात्र आहे, पण ती तुला मिळायची नाही. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली ती १६ पूर्णांक दोन तृतीयांशच्या स्पीडची, आणि तिच्यावर शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. केसरबाई केरीच्या. केरी माझ्या घरून स्कूटरवर वीस मिनिटं. ज्या बाईंना रेकॉर्डिंग म्हटलं की कपाळाला आठी पडायची त्यांचाच आवाज सगळ्यात लांब गेला, आणि पहिलं यान सुटलं त्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा बाई इकडे वारल्या. त्या रात्री मी घरी येऊन लिव्हर १६ वर ठेवला आणि रिकामी थाळी तशीच फिरत ठेवली थोडा वेळ. आई म्हणाली डोकं फिरलंय.

पैसे घेत नाहीत म्हणून मेमध्ये मानकुराद आंबे आणले होते त्यावर तुमचं म्हणणं "दोन डझन कित्याक", तर पुढल्या मेमध्येही आणणार, भांडू नका. चेंजर मस्त चाललाय, फक्त पाऊस लागला की पहिली रेकॉर्ड जरा सुस्त लागते, पाच मिनिटं रिकामा फिरवला की ठीक होतो.

एक कबूल करायचं राहिलं. तुमची ती चावलेली पिवळी पेन्सिल तुमच्याकडून हरवलेली नाही, माझ्या बॉक्समध्ये आलीय. अजून अकरा जॅकेटांची नावं शोधायची बाकी आहेत, ती झाली की आणून देतो.

तुमचा,
म्हार्दोळचा सॅनिटायझरवाला