गोठा बंद केला, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुमचं कानातलं मशीन कपाटात असतं आणि माझं निम्मं बोलणं आई तुम्हाला ओरडून परत सांगते. ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला बारीक अक्षर अजून लागत नाही, तेव्हा तुम्हीच तिला वाचून दाखवा.

गोठा आम्ही बंद केला. राहिलेल्या दोन गाई आणि गाभण कालवड घोडेगावच्या बाजारात विकली. दादाने थोडंफार कानावर घातलंच असेल. पण त्या शेडच्या पत्र्यांत आणि कडबाकुट्टीत तुमच्या फंडाचे पैसे होते, म्हणून सगळं नीट कळायला हवं ते आधी तुम्हाला.

सुरुवात लंपीपासून, गाईंच्या त्या कातडीच्या साथीपासून, २०२२ सालची. लस टोचून घेतली होती, गोचीड-माश्यांची फवारणी चालू होती, रात्री कडुनिंबाचा धूर करत होतो. तरी गाठी उठल्याच. काळी एचएफ, म्हणजे होल्स्टिन जातीची गाय, जिला आई राणी म्हणायची, ती ताप उतरल्यावरही उभी राहीना. पुढचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झालेले. एकाच कुशीवर राहिली की कातडी सडते, म्हणून चार माणसं लावून तिला पालटायचो, जखमा धुवायचो, खाली कोरडा भुसा टाकायचो. ती गेली. ज्या वाचल्या त्यांचं दूध पहिल्यावर आलंच नाही.

पुढल्या वर्षी सरकारने साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकी घट्ट भाग) दुधाला लिटरला ३४ रुपये ठरवून दिले. आम्ही उभारी धरून मुरघासाच्या, म्हणजे आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा भरल्या. दिवाळीच्या सुमारास भाव २७ वर आलेला होता. गोळीपेंडीचं पोतं मात्र खाली यायचं नाव घेईना. जानेवारी २०२४ पासून लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू झालं. त्याला गाईच्या कानातला बिल्ला आणि ॲपवरची नोंद जुळायला लागायची. थोडे पैसे आलेही, पण तोवर पेंडवाल्याची वही फार पुढे गेली होती.

चर्चच्या मंडळीत एकजण म्हणाले, विश्वास कमी पडला असेल. एका बाईंनी तर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, नीट देता का, असं विचारलं. (देत होतो. पेंडवाल्याच्या आधी देत होतो, आणि त्यावरून घरात भांडणंही झाली आहेत.) त्या बोलण्याचा राग मला अजून आहे. पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या, दुधात पाण्याचा थेंब न घालणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे काय! प्रार्थनाही मी कमी केली नव्हती. गोठ्यातच, बादली पालथी घालून तिच्यावर बसून करायचे. मागणं एकच, की भाव वाढू दे. तो वाढला नाही.

गाई विकल्या त्या आठवड्यात पाळक साहेबांनी बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय घेतला. बाबा, तुम्ही संडे स्कूलमध्ये तो शिकवलाय, पण आम्हाला आठवतो तो तुरुंग, भूकंप आणि हादरलेला दरोगा. त्याच्या आधीच्या पाच-सहा ओळी मी कधी धड वाचल्याच नव्हत्या. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मनाई केली. मग बिथुनियाकडे वळायला बघितलं, तिकडेही जाऊ दिलं नाही. इतक्या चांगल्या कामाला अडवलं आणि का अडवलं ते हे लिहिणारा लूक सांगतच नाही. पौलाचं पाप काढत नाही, विश्वास मोजत नाही. फिरत फिरत ते त्रोवसला समुद्रापाशी येतात, आणि तिथे रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा एक माणूस म्हणतो, इकडे या, आम्हाला मदत करा.

पुढचं तर मला फारच आवडलं. बोलावलं एका पुरुषाने, आणि फिलिप्पैला पोचल्यावर नदीकाठी भेटल्या त्या बायका. त्यांतली लुदिया, जांभळं कापड विकणारी, थुवतीरा गावची. मी बायबलच्या मागचा नकाशा काढून बघितला. थुवतीरा आशियातच! जिथे जायला मनाई झाली, तिथलीच बाई समुद्रापलीकडे भेटली.

मला मात्र दृष्टान्त वगैरे काही झाला नाही. उपासना सुटल्यावर पाळक साहेब एवढंच म्हणाले, शेजारच्या वस्तीवरच्या आजी पडल्यात, खुब्याचं हाड मोडलंय, मुलं पुण्याला. दोन दिवस बसायला जाशील का? एरवी मी गेलेच नसते. पहाटे चार ते रात्री नऊ गोठ्यात अडकलेली बाई कुठून जाणार? ह्या वेळी दावणीला काही नव्हतं, म्हणून गेले.

दवाखान्यातून आलेल्या सिस्टरने दाखवलं, की दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी द्यायची म्हणजे टाच गादीला टेकत नाही, आणि लाल पडलेली जागा चोळायची नाही. आजींच्या माकडहाडावर जखम सुरू झाली होती. मी हात घातला आणि सिस्टर म्हणाली, तुम्ही हे काम आधी केलंय. मी सांगितलं, हो, गाईंवर. आजी बिछान्यात हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांची सून नंतर म्हणाली.

दोन दिवसांचे किती झाले कळलं नाही. आता मी नगरला रुग्णसेवेचा कोर्स करते आणि तीन घरी जाते. तिन्ही घरची मुलं बाहेरगावी आहेत, महिन्याला पैसे पाठवतात. चांगल्या दिवसांत दूध जेवढं द्यायचं तेवढे हे पैसे नाहीत, पण त्यांतून पेंडवाल्याला काही जात नाही. हे आता दुधाच्याच टेम्पोवर ड्रायव्हर आहेत.

देवाने राणीला नेलं ते मला हे काम मिळावं म्हणून, असलं गणित मी मांडत नाही. असा हिशेब ठेवणारा देव मला नको आणि तुम्हीही तसा शिकवला नव्हता. मी एवढंच म्हणते, की रस्ता बंद झाला तेव्हा त्याने मला सोडलं नव्हतं. आणि नवा रस्ता सुखाचा असेल असंही कुणी सांगितलेलं नाही. फिलिप्पैला गेल्यावर पौल आणि सीला ह्यांना फटकेच बसले की.

बाबा, तुम्ही लहानपणी आम्हाला केडगावला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं. ते काढणाऱ्या पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर केलं, हे तुम्ही सांगत होता आणि आमचं लक्ष डब्याकडे. त्यांच्याबद्दल मी आता वाचलं. १८८३ मध्ये लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येतं म्हणून ते शिक्षण राहिलं. (मशीन लावा, बाबा.) त्याच वर्षी वाँटेजला बाप्तिस्मा झाला, मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं. १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, तिथे बालशिक्षण शिकल्या, आणि १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. केडगावची जमीनसुद्धा घेतली होती फळबागेसाठी, बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. दुष्काळ पडला आणि त्या जमिनीवर उपाशी मुली राहायला आल्या. डॉक्टर झाल्या असत्या तरी त्यांनी लोकांचं भलंच केलं असतं. तो रस्ताही चांगलाच होता, तरी बंद झाला.

आता पैशाचं. शेड मोडलेलं नाही, एका पोरानं शेळ्यांसाठी भाड्याने मागितलंय. ते भाडं थेट तुमच्या खात्यावर येईल, दादाकडून पासबुक भरून घेत जा. तुम्ही नको म्हणाल ते मला माहीत आहे, तरी येईल. बँकेचं उरलेलं आमचं आम्ही फेडतो, त्याची काळजी करू नका. थोरल्याची फी भरली. धाकटी 'उपासना संगीत' ह्या आपल्या भजनांच्या पुस्तकातली रेव्हरंड टिळकांची भजनं तुझ्या चालीत म्हणते, आई, फक्त सूर ह्यांच्याकडून घेतलाय.

नाताळात तिकडे येते. आणि आई, तुझ्या जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नकोस. चौघडी करून आजींच्या कमरेखाली आडव्या घालायला त्यांच्याइतकं मऊ काही मिळत नाही, आणि मला आठवड्याला तीन-चार लागतात. कुणी यायचं असेल तर त्याच्या हाती लगेच दे. काठ फाटलेल्यासुद्धा चालतील.

तुमची लेक