काकूंचा न्यूयॉर्कचा प्रवास

पुणे,
18 नोव्हेंबर 2025

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत काकूंना थेट विमानाने पाठवावे की दुबईला विमान बदलून, असे तू विचारले होतेस. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मला लिहायचे नव्हते, म्हणून उत्तराला आठवडा लागला.

काल त्यांच्याकडे जाताना मी पृथ्वीगोल बरोबर नेला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला. तो मॉस्को, हेलसिंकी, आइसलँड असा वर चढत जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरलेला पाहून त्या चकित झाल्या, कारण भिंतीवरच्या नकाशामुळे पश्चिमेकडे सरळ जाणारी वाट त्यांच्या मनात बसली होती. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर भरते. ताशी 900 किलोमीटर वेगाने ते चौदा तासांत संपायला हवे. पण पाकिस्तानचे आकाश एप्रिलपासून भारतीय विमानांना बंद असल्याने त्यांना दोऱ्याच्या वाटेने जाता येत नाही. शिवाय उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे हिवाळ्यात अधिक जोरकस असतात आणि जाताना ते समोरून येतात. त्यामुळे सोळा तास धरून चाल. परतताना तेच वारे पाठीशी असल्याने तास-दोन तास वाचतात.

दुबईमार्गे अंतर फारसे वाढत नाही, हे मोजल्यावर मलाही नवल वाटले. मुंबई ते दुबई 1,930 आणि तिथून पुढे सुमारे 11,000 किलोमीटर, म्हणजे वळसा जेमतेम चारशे किलोमीटरचा, अर्ध्या तासाचा. वेळ जातो तो मधल्या मुक्कामात, पुन्हा होणाऱ्या तपासणीत आणि एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतच्या चालण्यात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, मध्यरात्री हे सारे एकटीने करणे मला मान्य नाही. तिकीट महाग पडले तरी थेट विमानच घे, असा माझा आग्रह आहे.

तसेही त्यांचा प्रवास सोळा तासांचा नाहीच. पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत चार तास, उड्डाणापूर्वी तीन तास, उतरल्यावर तपासणी आणि सामान मिळेपर्यंत दीड-दोन तास, असा घरापासून तुझ्या दारापर्यंत पूर्ण एक दिवस जातो. त्यात घड्याळ साडेदहा तास मागे जाते. रात्री एकला निघालेले विमान सोळा तासांनी तिथे त्याच दिवशी पहाटे साडेसहाला उतरेल, आणि काकूंच्या शरीराला मात्र तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. रक्तदाबाच्या गोळ्यांचा घोळ इथेच होतो. डॉक्टरांकडून वेळा लिहून घेण्याचे मी त्यांना सांगितले आहे, आणि एक मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायचे, हेही ठरले आहे. दर दोन तासांनी उठून थोडे चालणे आणि पाणी पिणे त्यांनी कबूल केले आहे. इतका वेळ पाय लोंबते ठेवून बसल्यास पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो.

मुंबईपर्यंत मी स्वतः त्यांना सोडायला जाईन. तिकीट काढतानाच दोन्ही विमानतळांवर चाकांच्या खुर्चीची मागणी नोंदव आणि मधल्या वाटेलगतची जागा माग. काकूंना खिडकी हवी आहे, पण उठणे-बसणे सोपे व्हावे म्हणून त्यांची समजूत मी घालतो.

तुझा,
श्रीधर