त्या रात्रीच्या अनोळखी माणसांना

सातारा-पुणे एसटीत शिरवळच्या अलीकडे दादांना रक्ताची उलटी झाली. पिशवीतला कोरा टॉवेल पुढे करणाऱ्या मावशी, मधले थांबे सोडून गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेणारे ड्रायव्हर-कंडक्टर, रात्री २ वाजता ओ निगेटिव्ह रक्त द्यायला आलेली दोन पोरं... नावं विचारायचीही राहिली. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

लिव्हर सिरॉसिसमुळे (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) पोर्टल शिरेतला, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब वाढून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या, त्यातली एक फुटली. दुर्बिणीतून रबरी बँड बसवले तेव्हा रक्त थांबलं. आदले दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं; ते आतलं रक्तच होतं, आम्ही पित्त समजून सोडून दिलं. (दादा दारूला कधी शिवले नाहीत, तरी लोक विचारतातच.)

मावशी, टॉवेल धुऊन ठेवलाय. डाग मात्र गेला नाही.