दोन बर्नरच्या बॉयलरचा सदोष प्रोग्रॅम आणि पाण्याच्या सुरक्षेला घातलेला जंपर: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कुंडई औद्योगिक वसाहत, फोंडा (गोवा) येथील आमच्या कारखान्यात बसवलेला तासाला १० टन वाफेचा, दोन फर्नेस व दोन बर्नरचा बॉयलर

महोदय,

सोमवारी सकाळी आमच्या बॉयलरच्या पॅनलमधून बोटभर लांबीची एक निळी वायर, म्हणजे जंपर, निघाली. पाणी धोक्याइतकं खाली गेलं की बर्नर बंद करणाऱ्या ‘एक्स्ट्रा लो वॉटर’च्या कॉन्टॅक्टवर ती आडवी जोडलेली होती, म्हणजे ती सुरक्षा कामच करत नव्हती. आधीच्या बुधवारी तुमचे सर्व्हिस इंजिनियर येऊन गेले, त्यानंतर ते पॅनल कोणीही उघडलेलं नाही. म्हणजे पाच दिवस हा बॉयलर पाण्याच्या शेवटच्या सुरक्षेशिवाय चालला, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर आमच्याकडच्या कामगार बायका पाकिटं भरत होत्या. पत्राला उशीर झाला तो एवढ्यासाठीच, की आधी बॉयलर थंड करून फर्नेस आतून पाहून घेतली. सुदैवाने इजा नाही.

ही वायर का घातली गेली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्याकडे खतखतें, मुगागाठी, अळसांद्यांचं तोणाक अशा जेवणाची तयार पाकिटं बनतात. ती रिटॉर्टमध्ये (वाफेच्या दाबाखाली शिजवणाऱ्या बंद भांड्यात) १२१ अंश सेल्सिअसला ठरलेली मिनिटं शिजावीच लागतात, नाहीतर घातक विष तयार करणाऱ्या बोट्युलिनम जिवाणूचे जंतुबीज आत जिवंत राहण्याचा धोका असतो. रिटॉर्ट तापताना वाफ एकदम ओढतो. दोन एकाच वेळी लावले की मागणी तासाला ३ टनांवरून ८ टनांवर जाते, आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली येते. ही चढउतार ऑर्डर देतानाच आम्ही तुम्हाला आलेख काढून दाखवली होती. त्यावर उत्तर आलं, की म्हणूनच दोन बर्नर घ्या: कमी मागणीला एक चालेल, वाढली की दुसरा येईल, एक बिघडला तरी निम्मी वाफ मिळत राहील. एका फर्नेसवर चालवण्याची मुभा तुमच्या माहितीपुस्तिकेतही दिली आहे.

प्रत्यक्षात दोन्ही बर्नर एकाच प्रेशर सेटिंगवर एकदम सुरू होतात आणि एकदम बंद पडतात. फर्नेस ऑइलवर हे बर्नर एक तृतीयांशाच्या खाली जात नाहीत, म्हणजे दोन्ही लो फायरवर असले तरी साधारण ३.३ टन वाफ तयार होणारच. रात्रपाळीला आमची गरज २.५ टन. मग प्रेशर चढतं, दोन्ही विझतात, प्रेशर उतरतं, पुन्हा दोन्ही पेटतात. आमच्या बॉयलरवरच्या काकांनी एका रात्री लॉगबुकात पेन्सिलने रेघा मारून मोजलं: तासाला ९ वेळा. दर वेळी पेटण्याआधी प्रीपर्ज होतो, होणं आवश्यकच आहे, फर्नेसमध्ये साठलेली तेलाची वाफ बाहेर काढल्याशिवाय ठिणगी देणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. पण तासाला ९ वेळा पंख्याने थंड हवा तापलेल्या नळ्यांतून फिरवायची आणि उष्णता चिमणीवाटे घालवायची, हा तेलाचा नुसता नाश आहे. ट्यूब प्लेटलाही (नळ्या ज्यात बसवलेल्या असतात त्या पत्र्यालाही) अशी तापणं-निवणं सोसत नाही. दुसऱ्या फर्नेसच्या तोंडाशी रिफ्रॅक्टरीला (उष्णता सोसणाऱ्या अस्तराला) आत्ताच चिरा गेल्या आहेत.

दिवसाची गोष्ट याहून वाईट. बर्नर विझलेले असताना दोन रिटॉर्ट लागले, की पर्ज आणि पायलट होऊन ज्योत धरेपर्यंत दोन मिनिटं जातात. तेवढ्यात प्रेशर १० वरून ७ बारवर येतं. प्रेशर असं धाडकन उतरलं की पाण्यात बुडबुडे फुलतात आणि गेज ग्लासमध्ये पातळी वर चढलेली दिसते. फीड पंपाला वाटतं पाणी भरपूर आहे, तो थांबतो. ओली वाफ हेडरमध्ये, म्हणजे वाफेच्या मुख्य नळीत, जाते. मग दोन्ही बर्नर हाय फायरला जातात, प्रेशर १० च्या वर जाऊन दोन्ही एकदम विझतात, बुडबुडे बसतात आणि खरी पातळी उघडी पडते. ती लो वॉटरच्या, म्हणजे पहिल्या सुरक्षेच्या, खुणेखाली असते, आणि बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. हे आम्ही तुम्हाला तीनदा लिहून कळवलं.

चूक बर्नरच्या क्रमात आहे हे उघड होतं. तुमच्या माणसाने काय केलं? पहिल्या लो वॉटर ट्रिपचा विलंब ६० सेकंदांवर नेला आणि दुसरी, हाताने रीसेट करेपर्यंत बर्नर पेटू न देणारी लॉकआउटची (एक्स्ट्रा लो वॉटरची) सुरक्षा जंपर घालून बाद केली. ‘आता ट्रिप होणार नाही’ असं सांगून सर्व्हिस रिपोर्टवर आमची सही घेतली. रिपोर्टात जंपरचा उल्लेख नाही. रोजच्या चाचणीत पहिली सुरक्षा उशिराने का होईना बर्नर थांबवत होती, म्हणून शंका आली नाही. लॉकआउटची चाचणी काका दर सोमवारी घेतात, त्यामुळे तरी कळलं.

पाणी फर्नेसच्या माथ्याखाली गेलं तर काय होतं हे मी बॉयलर बनवणाऱ्यांना सांगावं, याचंच वाईट वाटतं. उघडा पडलेला पत्रा लाल होतो, त्याची ताकद जाते, वरच्या दाबाने तो आत बसतो. १० बारला पाणी १८४ अंशांवर असतं; फाट पडली की त्यातलं बरंचसं क्षणात वाफ होऊन बाहेर येतं. काका तीस वर्षं बॉयलरवर आहेत. ती वायर हातात धरून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये सगळं उलटं बसलं आहे. दोन नंबरच्या बर्नरची ज्योत विझली तर फक्त त्यानेच थांबायला हवं, एक नंबरने चालत राहायला हवं. तुमच्याकडे दोन्ही बंद पडतात. दोन नंबरच्या फोटोसेलवर (ज्योत ओळखणाऱ्या डोळ्यावर) काजळी धरली म्हणून गेल्या महिन्यात आमची भरलेली चार रिटॉर्ट अर्ध्यावर थांबली आणि तो सगळा माल टाकून द्यावा लागला. पाणी मात्र दोन्ही फर्नेसना एकच आहे. ते कमी झालं तर दोन्ही बर्नर थांबलेच पाहिजेत, आणि नेमकं तेच तुम्ही काढून टाकलंत.

आमची मागणी अशी. बर्नरचा क्रम लीड-लॅग पद्धतीने नव्याने लिहा: पहिला बर्नर हाय फायरवर काही मिनिटं राहूनही प्रेशर उतरत असेल तरच दुसरा यावा, मागणी घटली की तोच आधी जावा, आणि पुढाकार आठवड्याने बदलावा म्हणजे दोन्ही सारखे झिजतील. बंद फर्नेसचा डॅम्पर (हवेच्या वाटेवरची झडप) आपोआप मिटावा. पंप चालू-बंद करण्याऐवजी फीड लाइनवर गरजेप्रमाणे कमी-जास्त उघडणारा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह बसवा. तो कोटेशनमध्ये होता, यंत्रावर नाही. रिफ्रॅक्टरी वॉरंटीत दुरुस्त करा. जंपर कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घातला हे लेखी कळवा, आणि त्याच इंजिनियरने आणखी कुठे असं केलं असेल तर त्या कारखान्यांना आजच फोन करा. ही शेवटची गोष्ट मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते.

तुमच्या प्रादेशिक कार्यालयातून फोनवर सुचवण्यात आलं, की हे आपसात मिटवू, निरीक्षकांपर्यंत नको. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा बॉयलर कायदा आला असला, तरी बॉयलर सुरक्षित ठेवण्याची मालकाची जबाबदारी हटलेली नाही. पणजीला आल्तिनोवर कारखाने व बाष्पके निरीक्षणालयात आम्ही स्वतः जाऊन लेखी कळवलं आहे. वायर आणि फोटो आमच्याजवळ जपून ठेवले आहेत. उरलेला १० टक्क्यांचा हप्ता काम पूर्ण होईपर्यंत दिला जाणार नाही.

सध्या सुरक्षा पूर्ववत करून बॉयलर एक नंबरच्या बर्नरवर, काकांच्या डोळ्यांसमोर चालतो. दोन रिटॉर्ट बंद आहेत, चवथीच्या ऑर्डरी तोंडावर आल्या आहेत. येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला काका पुन्हा पाणी उतरवून लॉकआउटची चाचणी घेतील. तुमचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस त्या वेळी पॅनलसमोर हजर हवा.

आपली विश्वासू,
उत्पादन प्रमुख
कुंडई, फोंडा, गोवा