बापू, गाडी घेऊन जा

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय बापू,

परवा फोनवर तू म्हणालास, "सोडू नको रे गाडी, हळू चालव." मी नुसतं "बघू" म्हणालो आणि तुझ्या ऊसतोडीचा विषय काढला. मला तेव्हा बोलताच आलं नसतं. आता घरचे झोपलेत म्हणून लिहायला बसलोय. सलग वीस मिनिटं बसलं की पाठ धरते, मग उठून फेऱ्या मारून यावं लागतं. मधेच अक्षर बदललेलं दिसेल, त्याचं कारण ते.

मी गाडी सोडतोय, म्हणजे अण्णांची बुलेट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तू मला समजावायच्या तयारीत राहणार नाहीस.

गेल्या महिन्यात कोरेगाव रस्त्याला निघालो होतो, बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर आणायला. दुकान उजव्या हाताला. वेग वीसच्या आसपास असेल. आरशात पाहिलं, रस्ता मोकळा. हात दाखवला आणि वळलो. त्याच क्षणी उजव्या खांद्याच्या मागून एक स्कूटर आली. चालवणारी बाई, पुढे उभा असलेला पहिली-दुसरीतला मुलगा. तिनं करकचून ब्रेक लावला, खडीवर चाक सरकलं, तिनं पाय टेकून कशीबशी गाडी सावरली. पडली नाहीत दोघं. मुलाची पाण्याची बाटली मात्र गळ्यातून सुटली आणि घरंगळत माझ्या पुढच्या चाकाशी येऊन थांबली. बाई थरथरत होती. म्हणाली, "अहो, मागं बघायचं तरी!"

मी बघितलं होतं, बापू. माझ्याच्यानं जेवढं बघता येतं तेवढं बघितलं होतं. बाटली उचलून द्यायला वाकलो, तर तेही नीट जमेना. शेवटी तो मुलगाच उतरला आणि घेऊन गेला.

म्हणून तुझं "हळू चालव" मला लागू पडत नाही. मी हळूच चालवत होतो.

मान वळत नाही म्हणजे किती वळत नाही, हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तपासणीत डॉक्टर डोक्यावर मापयंत्र ठेवून बघतात. निरोगी माणसाची मान एकेका बाजूला सत्तर अंशांच्या पुढे वळते. माझी डावीकडे पस्तीस आणि उजवीकडे पंचवीस. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभा राहिलो तर डोकं भिंतीला टेकत नाही, मधे वीतभर जागा राहते. हनुवटी वर उचलणंही कमी झालंय. यवतेश्वरच्या घाटात वळणावर वरून काय येतंय ते बघायला तू नुसती मान वर करतोस. मला त्यासाठी कंबरेपासून मागे रेलावं लागतं, आणि हँडल धरून ते होत नाही. खांद्यावरून मागे एक नजर टाकायची असते ना, आरशात न दिसणारा तुकडा बघायला? ती नजर माझ्याकडे नाही. कधी गेली ते कळलंही नाही, कारण ती गेली हळूहळू, वर्षाला थोडी थोडी.

सुरुवात कुठं झाली ते मात्र तुला माहीत आहे, फक्त तेव्हा आपल्याला ती ओळखू आली नाही. २००३चा डिसेंबर. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण आणि दिवेलागणीला गुहागर. तू आरएक्स १०० वर, मी अण्णांच्या बुलेटवर. सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांवर रेटा देत बसलो. तू म्हणालास गादी वाईट होती, आणि मलाही ते पटलं. मग गाडी काढली, आणि तासाभरात पाठ मोकळी झाली. धोपाव्याला फेरीबोटीत गाड्या चढवल्या तेव्हा मी दाभोळच्या खाडीकडे बघत कठड्याशी सरळ उभा होतो. त्याच दिवशी आपण ठरवून टाकलं की गाडी हेच माझं औषध. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना धुकं इतकं होतं की तुझा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आणि कड्यावर आपटून परत येणारा बुलेटचा आवाज. ते दहा-पंधरा किलोमीटर मी अजून डोळे मिटून चालवू शकतो.

आता कळतं की तीच या आजाराची खूण होती. पडून राहिलं की वाढतं, हललं-चाललं की कमी होतं. स्नायू लचकला किंवा मणक्यातली गादी सरकली तर बहुधा उलटं असतं. ही एक गोष्ट कुणी विचारली असती तर पाच वर्षं वाचली असती. पण आधी स्लिप डिस्क म्हणाले, मग सायटिका. एकानं पट्टा लावून तीन आठवडे झोपवून ठेवलं, म्हणजे नेमकं जे करू नये तेच केलं. त्या तीन आठवड्यांचा राग अजून जात नाही. २००८ मध्ये पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "पहाटे दुखून जाग येते का? उठून फिरल्यावर बरं वाटतं का?" मग एचएलए-बी२७ या जनुकाची रक्ततपासणी, माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय, आणि नाव मिळालं: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, सूज येते, आणि सूज ओसरताना तिथं नवीन हाड धरतं. मणक्याला मणका सांधला जातो. एक्स-रेत कणा पेरापेराच्या बांबूसारखा दिसतो, म्हणून डॉक्टरही त्याला बांबूच म्हणतात.

२०१६ पासून दर पंधरवड्याला प्रतिकारशक्तीला आवर घालणारं अडालिमुमॅबचं इंजेक्शन घेतोय. अंगात छुपा टीबी नाही ना, हे आधी तपासून मगच सुरू केलं. भारतीय कंपनीचं स्वस्त इंजेक्शन २०१४ च्या अखेरीस आलं म्हणून परवडलं तरी, नाहीतर नावही काढलं नसतं. गुण आला, मोठा आला. सकाळचे दोन-दोन तास आखडलेले असायचे, ते पंधरा मिनिटांवर आले. रात्री झोप लागते. पण जे हाड धरलंय ते कुठल्याही इंजेक्शननं विरघळत नाही. मान तेवढीच राहिली.

आणि मी काही प्रयत्न न करता सोडतोय असं समजू नको. हँडल उंच करून घेतलं. दोन्ही बाजूंना मोठे बहिर्गोल आरसे बसवले. त्यांत दिसतं जास्त, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, त्यामुळे घोटाळा वाढतो. फुल फेस हेल्मेट डोक्यातून काढताना मान ओढली जायची, म्हणून पुढून उघडणारं घेतलं, तर ते वजनाला जास्त. संध्याकाळी निघायचं बंद केलं, कारण दोनदा डोळ्याला सूज येऊन गेलीय (तीही याच आजाराची देणगी) आणि समोरून येणारा हेडलाइट सहन होत नाही. उजवीकडे वळायचंच टाळायला लागलो. डावीकडे वळून, पुढे जाऊन, गल्लीतून फिरून यायचं. पोवई नाक्यावर कितीदा असा वळसा घातला असेल. एक दिवस लक्षात आलं की सगळा जीव वळण चुकवण्यातच जातोय, रस्त्याकडे, झाडांकडे लक्षच नाही.

पडण्याबद्दल डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. सांधलेला कणा वरून दगडासारखा वाटतो, पण आतून हाड ठिसूळ झालेलं असतं. निरोगी कणा धक्का वाटून घेतो, कारण प्रत्येक मणका थोडा थोडा हलतो. माझा एकसंध, त्यामुळे साध्या घसरण्यानंही मानेत मोडू शकतो, आणि तिथं मोडला की मज्जारज्जूला इजा व्हायची भीती. शिवाय जमलेली माणसं चांगल्या मनानं वाकलेली मान सरळ करायला जातात, आणि त्यानं आणखी बिघडतं. म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवलीय: "मान आहे तशीच ठेवा, सरळ करू नका." मंदानं ती लॅमिनेट करून आणली. एवढं होऊनही मी सहा वर्षं चालवत राहिलो. माझं मोडलं तर माझं मोडेल, असा माझा हिशेब होता. आता मंदाकडे बघून वाटतं, तो हिशेबही बरोबर नव्हता. मी गाडी काढली की ती ओट्यापाशी कामं उरकत राहायची आणि फाटक वाजलं की गॅस बंद करायची. हे मला मुलीनं परवा सांगितलं. मंदानं कधी "जाऊ नका" असं म्हटलं नाही.

ठरलं ते लायसन्सच्या अर्जावर. या वर्षी पन्नास पूर्ण होतात, तेव्हा नूतनीकरण आलं. मुलगी कॉम्प्युटरवर फॉर्म १ भरत होती. ती प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो. फिट येते का? नाही. पंचवीस मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का? येते. हात-पाय गमावला आहे का? नाही. रातांधळेपणा, बहिरेपणा? नाही. मग शेवटचा प्रश्न: तुम्ही वाहन चालवल्यानं लोकांना धोका होईल असा इतर काही आजार किंवा अपंगत्व आहे का?

ती थांबली. मीही थांबलो. सही करून द्यायचं प्रतिज्ञापत्र आहे ते, बापू. तिथं मला ती पाण्याची बाटली दिसली. मी तिला म्हटलं, आज राहू दे. तिनं काही न विचारता बंद केलं. डॉक्टरांशी बोललो तेव्हा ते म्हणाले, कार चालवा. आत रुंद आरसा लावा, दोन्ही बाहेरच्या आरशांवर छोटे गोल आरसे चिकटवा, आणि सीटचं डोकं टेकायचं उशीपट डोक्यापर्यंत पुढे येईल असं करून घ्या, कारण मागून धक्का बसला तर मान तिथंच वाचेल. तसं लिहूनही देतो म्हणाले. मोटारसायकलचं मात्र विचारायच्या आधीच त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागे बसून जाण्याबद्दलही विचारून बघितलं. पडणं तेच, असं म्हणाले.

दुःख होतंय का, हे तू विचारशीलच. होतंय. माणसांत गेलो की सगळ्यांना आधी माझी वाकलेली पाठ दिसते. लग्नात, बँकेत, कुणीतरी खुर्ची पुढे करतंच. गाडीवर सगळेच थोडे वाकलेले असतात. तिसऱ्या गिअरला यवतेश्वरचा चढ, सप्टेंबरातली सकाळ, कासच्या रस्त्याला ओल्या गवताचा वास, आणि मी इतर कुणाहीसारखा एक गाडीवाला. तेवढं कार मला देणार नाही, हे मला माहीत आहे. गेल्या रविवारी शेवटचं म्हणून एकटाच गेलो नाही. जावंसं वाटत होतं. किल्ली हातात होती. पण 'शेवटचं एकदा' म्हणूनही मागचं दिसणार नव्हतंच.

पुण्याचा एकजण बघून गेला. जुन्या बुलेटांचा शौकीन. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मंदाचेही डोळे मोठे झाले. पण त्याला ती बंगल्यात उभी करायची आहे. अण्णांनी १९८४ मध्ये नंबर लावून, वाट बघून घेतलेली गाडी. एसटीच्या वर्कशॉपमधून आल्यावर ते आधी तिला पुसायचे, मग चहा. ती रस्त्यावर राहिली पाहिजे, आणि ती चालवताना मी ज्याला पाहिलंय असा तू एकटाच उरलास. तू घेऊन जा. पैशाचं बोललास तर पत्र फाडून टाकीन. गाडी तुझ्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरून ठेवलेत, माझ्या सह्या झाल्यात. पासिंग गेल्या वर्षीच पाच वर्षांसाठी करून घेतलंय.

आता नीट वाच, कारण तुला सवय डाव्या गिअरची आहे. हिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे तीन खाली. पहिले चार दिवस गावातून काढू नको, कागलला शेतातल्या रस्त्यावर पाय बसू दे. सिग्नलला थांबताना गिअर शोधत बसायची गरज नाही. गिअरबॉक्सवर छोटी दांडी आहे, तिला टाच मारली की दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्यातून थेट न्यूट्रल.

किक मारायला आता माझ्यानं होत नाही. दोन महिने शेजारचा पोरगा मारून देतो, ते तुला सांगितलं नव्हतं. पद्धत अशी: पेट्रोलचा कॉक उघड, किल्ली फिरव. डाव्या हातानं डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळू खाली ने, नजर अँपिअर मीटरवर. काटा डावीकडून मधोमध आला की खटका सोड, किक वर येऊ दे, आणि मग एकच सलग, शेवटपर्यंत. घाईनं अर्धी मारलीस तर उलटा फटका देते, अण्णांचा घोटा तिनं एकदा महिनाभर सुजवला होता. थंडीत दोनदा मारावी लागेल, तिसऱ्यांदा लागली तर पॉइंट साफ कर.

शनिवारी ये. एसटीनं ये, म्हणजे परत जाताना दोन गाड्यांचा प्रश्न नको. मंदा घावन करणार आहे. रविवारी सकाळी तू पुढे निघ, मी कारनं कराडपर्यंत मागून येईन. पेट्रोल निघतानाच भर, टाकी रिझर्व्हला लागलीय.

तुझा,
दादू