झाकण मिटल्यावर तापणाऱ्या लॅपटॉपबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्लीपमध्ये असताना लॅपटॉप तापणे व बॅटरी उतरणे, सेवा केंद्राने दुरुस्ती न करताच तक्रार बंद करणे

महोदय / महोदया,

आपल्या सेवा केंद्राने माझ्या तक्रारीवर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद केली आहे. निराकरण झालेले नाही, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

लॅपटॉपचे झाकण मिटून, म्हणजे स्लीपमध्ये (काम न संपवता तात्पुरत्या झोपेत) टाकून, तो बॅगेत ठेवला की बाहेर काढताना हाताला चटका बसेल इतका तापलेला असतो. पंखा जोरात फिरत असतो आणि बॅटरी बरीच उतरलेली असते. कधी कधी तर अति उष्णतेमुळे तो स्वतःच बंद पडलेला असतो आणि जतन न केलेले काम गेलेले असते. हाच लॅपटॉप टेबलावर दिवसभर चालवला तर कोमटसुद्धा होत नाही. म्हणजे कामात थंड आणि झोपेत गरम, असा हा उलटा प्रकार आहे.

सेवा केंद्राने पंखा साफ केला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेण्यासाठी लावलेला लेप) बदलली आणि विंडोज नव्याने टाकून दिले. तिन्ही कामे नीटनेटकी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंखा आणि पेस्ट यांचे काम निर्माण झालेली उष्णता बाहेर टाकण्याचे. माझा प्रश्न आहे की झाकण मिटल्यावर ती निर्माणच का व्हावी? बॅगेत हवेची तोंडे कापडाला टेकलेली असतात, पंखा आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढतो. तिथे कितीही चांगली पेस्ट काय करणार?

उत्तर आपल्याच मशीनने दिले. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘/ए’ जोडून चालवली की कोणत्या प्रकारची झोप उपलब्ध आहे ते कळते. माझ्याकडे फक्त ‘एस-झिरो लो पॉवर आयडल’, म्हणजे मॉडर्न स्टँडबाय, उपलब्ध असल्याचे दिसते. ‘एस-थ्री’ या जुन्या स्लीपपुढे सिस्टिम फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) ती अवस्था चालवत नाही, असे कारण दिलेले आहे. फर्मवेअर आपण बनवून दिलेले आहे, त्यामुळे चेंडू विंडोजकडे टोलवता येणार नाही.

एस-थ्रीमध्ये प्रोसेसरचा वीजपुरवठा तुटतो आणि रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, तिच्यातला मजकूर टिकवण्यापुरती वीज मिळत राहते. तापायला काही उरतच नाही. मॉडर्न स्टँडबायमध्ये तसे नसते. पडदा काळा होतो, पण यंत्रणा चालूच असते, फक्त सगळे भाग अगदी कमी विजेवर उतरतील असे गृहीत धरलेले असते. ही पद्धत मुळात वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. झाकण उघडताच पडदा उजळतो ही सोय मलाही आवडते. मात्र वाय-फाय कार्ड, ऑडिओ, एखादा यूएसबी कंट्रोलर, यांपैकी एकाच्या ड्रायव्हरने (तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) जरी शिस्त मोडली तरी प्रोसेसर गाढ झोपेत जात नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर तपासून देणे ही मशीन जुळवून विकणाऱ्याची जबाबदारी ठरते.

त्याच आज्ञेचा स्लीप स्टडी अहवाल सोबत जोडला आहे. प्रत्येक झोपेत प्रोसेसर किती टक्के वेळ सर्वात कमी विजेच्या अवस्थेत होता आणि त्याला कोणी जागे ठेवले, हे त्यात नोंदलेले असते. माझ्या तापलेल्या प्रत्येक वेळी हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे आणि दोषी म्हणून दर वेळी एकच नेटवर्क ड्रायव्हर वर आलेला आहे. हा ड्रायव्हर आपल्याच संकेतस्थळावरचा, सर्वात ताजा आहे. अहवाल सेवा केंद्रात दाखवला, तर तो उघडून न बघताच मला परत देण्यात आला.

उलट सल्ला मिळाला तो असा : बॅगेत ठेवण्यापूर्वी दर वेळी शटडाऊन करा. जाहिरातीत ‘झाकण उघडा, काम सुरू करा’ असे मोठ्या अक्षरांत सांगायचे आणि तक्रार आली की झाकण मिटण्यालाच मनाई करायची, हे मला पटत नाही.

तोवर मी माझ्या परीने सोय केली आहे. झाकण मिटल्यावर हायबरनेट, वेक टायमर (ठरल्या वेळी मशीन आपोआप जागे करणारी सोय) बंद, नेटवर्क कार्डाला मशीन जागे करण्याची परवानगी नाही. स्लीपमध्येच ठेवायचा असेल तर आधी चार्जर काढतो आणि मगच झाकण मिटतो, कारण चार्जर लावलेला असताना मशीन नेटवर्क आणि अपडेटची कामे अधिक मोकळेपणाने करत राहते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून मॉडर्न स्टँडबाय बंद करण्याचा उपायही करून पाहिला. एस-थ्री फर्मवेअरमध्येच नसल्याने त्यानंतर मेन्यूतून स्लीपचा पर्यायच नाहीसा झाला, म्हणून तो बदल मागे घेतला. हायबरनेटने तापणे थांबले आहे, कारण त्यात रॅममधले सारे डिस्कवर लिहून मशीन बंदच होते. पण झटपट उघडण्याची सोय, जिच्यासाठी हे मॉडेल निवडले, ती गेली.

बॅटरीचे काय, हा प्रश्न वेगळा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापत राहिली की सर्वात लवकर झिजते, आणि बॅगेत नेमके तेच होत होते. बॅटरी रिपोर्टमध्ये पूर्ण चार्जची क्षमता मूळ क्षमतेच्या बरीच खाली आल्याचे दिसते. ही झीज ‘सामान्य वापरातली’ म्हणून हमीबाहेर टाकली गेली आहे. झाकण मिटून ठेवलेल्या मशीनचा वापर नेमका कोणता, हे मला समजावून सांगावे.

माझ्या मागण्या :

नेटवर्क ड्रायव्हरचा दोष मान्य करून सुधारित ड्रायव्हर द्यावा. ते जमत नसेल तर बायोस (म्हणजे वर सांगितलेले फर्मवेअर) अपडेटमधून एस-थ्री निवडण्याचा पर्याय द्यावा. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तो असतो, त्यामुळे ही मागणी जगावेगळी नाही. बॅटरी हमीखाली बदलून द्यावी. तिन्ही शक्य नसतील तर मशीन परत घेऊन पैसे परत करावेत.

आणखी एक, जे माझ्यापुरते नाही. विक्रीच्या माहितीपत्रकात पडद्याच्या रंगांपासून बिजागरीच्या कोनापर्यंत सारे छापता, तिथे ‘फक्त मॉडर्न स्टँडबाय, एस-थ्री नाही’ एवढी एक ओळही छापावी.

उत्तर लेखी द्यावे आणि ते स्लीप स्टडी अहवाल वाचू शकणाऱ्या तंत्रज्ञाने लिहिलेले असावे. पंखा पुन्हा साफ करून घेण्यासाठी मी मशीन पाठवणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : स्लीप स्टडी अहवाल, बॅटरी रिपोर्ट, खरेदीची पावती, सेवा केंद्राच्या जॉब शीटची प्रत